तीच सलाईन आईला बाधली अन् आण्णांना तारली, हे कसं काय?

जुळेसोलापूरकर
रात्री १०:४०

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या. घरात वर्षभरात दोनदा सलाईनचा प्रसंग आला आणि दोन्ही एकमेकांच्या बरोबर उलटे, त्यामुळं डोक्याचा भुगा झालाय.

पहिला मागच्या मे मधला. आईचं वय ६८, बीपी जुनं, आधी एकदा अटॅक येऊन गेलाय आणि इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) हार्टचं पंपिंग ३५ टक्के. सोलापूरचं मे मधलं ऊन काय असतंय ते इथं सांगायची गरज नाही. दोन दिवस आई म्हणत होती गळून गेल्यासारखं होतंय, भाकरी घशाखाली उतरत नाही. घराजवळच्या एका दवाखान्यात नेलं आणि खरं सांगायचं तर आम्हीच म्हणलो की डॉक्टर एखादी सलाईन लावा. दोन बाटल्या लावल्या, दीड तासात दोन्ही संपल्या, दुसरीत पिवळं इंजेक्शन पण टाकलेलं. इकोचा कागद आम्ही दाखवला नाही आणि त्यांनीही विचारला नाही. संध्याकाळी आई खूश, चहा घेतला, शेजारणीशी गप्पा मारल्या. रात्री अडीचला उठून बसली. आडवं झालं की दम कोंडतोय म्हणायली, खिडकीचा गज धरून बसली होती, खोकल्यातून फेस यायला लागला तेव्हा मात्र माझे हातपाय गळाले. १०८ बोलावली. पुढं ऑक्सिजन, तोंडाला घट्ट मास्क, लघवी होण्याचं इंजेक्शन, दोन दिवस आयसीयू. फुफ्फुसात पाणी झालंय म्हणाले.

दुसरा प्रसंग तीन आठवड्यांपूर्वीचा. आण्णा म्हणजे माझे वडील, ७१, शुगर आहे पण हार्ट ठीक आहे, वजन ५८. अक्कलकोटकडं लग्नाला गेलो होतो, रात्रीपासून जुलाब उलट्या सुरू, सकाळपर्यंत वीस एक वेळा तरी झालं असेल. आणि आम्ही काय केलं, तर आईचं आठवून "सलाईन नको रे बाबा" म्हणत दुपारपर्यंत घरीच बसलो. दुपारी बाथरूमला उठताना चक्कर येऊन पडले. हात बर्फासारखे, डोळे आत गेलेले. दुसऱ्या दवाखान्यात नेलं तर बीपी ७६/५०, नाडी १२८. त्यांनी दोन्ही हातांना सुया लावून बाटल्या सरळ पूर्ण उघड्या सोडल्या. मी ओरडलोच, अहो हळू लावा, आमच्यात असं झालंय. ड्युटीवरची डॉक्टर म्हणजे तिशीच्या आतली पोरगी, वर न बघता म्हणाली, "दादा, आता हळू लावली तर किडनी जाईल." दर बाटलीनंतर ती येऊन बोटाचं टोक दाबून बघायची, छातीला मागून स्टेथो लावायची, एकदा तर दोन्ही पाय वर उचलून धरायला लावले. चौथ्या बाटलीनंतर तिनं स्वतःच स्पीड कमी केला. रात्रीपर्यंत साडेचार लिटर गेलं असेल आणि माणूस ठणठणीत, दम नाही, सूज नाही. किडनीचं क्रिएटिनिन २.४ होतं, तिसऱ्या दिवशी १.१.

वर आमचे दाजी पुण्याहून आले आणि वाद घालत बसले, की हे मिठाचं पाणी काय लावताय, अल्ब्युमिन (रक्तातल्या प्रोटीनची महागडी बाटली) लावा, पैशाचं बघू नका. डॉक्टर नाही म्हणाल्या तर दाजींना वाटतंय स्वस्तात गुंडाळलं.

तर माझं विचारणं एवढंच, की आईला एक लिटरनं मरणाच्या दारात नेलं आणि आण्णांना साडेचार लिटर पचलं, हे कसं? आणि महागातली सलाईन चांगली असते का? कुणी त्यातलं जाणकार असेल तर सांगा.


पेठेतला पम्या
रात्री १०:५२

बाकी काय माहीत नाय पण ग्लुकोजची बाटली लावली की माणूस उठून बसतंय बगा. मी महिन्याला एक लावून घेतोय, लई फ्रेश वाटतंय. उद्याच नंबर हाय. तुमच्या आईला कंपनी चुकीची लागली असंल.


भूलवाला
रात्री ११:२५

पम्याभाऊ, तुमच्याकडं नंतर येतो 🙂

मी भूलतज्ज्ञ आहे, आयसीयू पण बघतो, त्यामुळं बाटल्या चढवणं आणि बंद करणं हाच धंदा. तुमचे पेशंट मी बघितलेले नाहीत, तेव्हा जनरल सांगतो, त्याला सल्ला समजू नका.

आपल्याकडं पाणी चार-पाच दिवसाआड येतं, त्यामुळं हौद, टाकी, मोटर हे सोलापूरच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आण्णांचा हौद, म्हणजे रक्तवाहिन्या, कोरडा पडला होता आणि मोटर, म्हणजे हार्ट, चांगली होती. ५८ किलोच्या माणसाच्या अंगात रक्त साधारण चार लिटर, किलोला ७० मिली धरा. जुलाबातून जातं ते नुसतं पाणी नसतं, मीठपाणी असतं, आणि ते शेवटी रक्तातूनच ओढलं जातं. हौद तळाला गेला की मोटर हवा ओढते, म्हणून बीपी ७६. शरीर मग हातापायाचे नळ बंद करून मेंदू-हार्टला पाणी पुरवतं, तो तुमचा बर्फासारखा हात. या सगळ्यात आधी मार खाते ती किडनी, आणि ती पोरगी म्हणाली ते शब्दशः खरं होतं. अशा पेशंटमध्ये हळू लावणं ही सावधगिरी नाही, उशीर आहे. तुम्ही सकाळची दुपार केली त्याचं २.४ क्रिएटिनिन झालं, रागावू नका पण हे लिहिणं भाग आहे.

आईचं उलटं. हौद भरलेला होता, मोटर ३५ टक्क्यांवर चाललेली. गळून गेल्यासारखं वाटणं हे तिच्या बाबतीत हार्टचंच लक्षण असू शकतं, पाणी कमी झाल्याचं असेलच असं नाही. त्यात एक लिटर ओतलं. बरं त्या लिटरात काय होतं? नॉर्मल सलाईन असेल तर ०.९ टक्के म्हणजे लिटरला ९ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ खा म्हणते आणि ज्या आईचं पापड-लोणचं बंद केलंय तिला दीड तासात जवळपास दोन दिवसांचं मीठ शिरेतून गेलं. मीठ पाण्याला धरून ठेवतं. दिवसभर बसलेली असताना ते पायाकडं राहिलं, रात्री आडवी झाली तसं छातीकडं आलं आणि अडीच वाजले. हे अडीच-तीन वाजणं आम्ही इतक्या वेळा बघतो की विचारू नका.

आता बोट दाबणं. बोटाचं टोक पांढरं होईपर्यंत दाबून सोडायचं आणि रंग परत यायला किती सेकंद लागतात ते बघायचं. तीनच्या वर गेलं तर अजून रक्त पोचत नाही. फुकटची टेस्ट आहे, पण २०१९ मध्ये सेप्टिक शॉकच्या (जंतुसंसर्गानं बीपी पडलेल्या) पेशंटवर तिची तुलना रक्तातल्या लॅक्टेटच्या (रक्त नीट पोचलं नाही की वाढणाऱ्या आम्लाच्या) तपासणीशी केली होती आणि ती कुठं कमी पडली नाही. आणि पाय वर उचलणं तर मला फार आवडतं. पायातलं अंदाजे ३०० मिली रक्त छातीकडं येतं, म्हणजे बाटली न लावता बाटली लावून बघितल्यासारखं. हार्टनं ते ओढून पुढं ढकललं तर पेशंटला अजून चालेल, नाही ओढलं तर पाय खाली ठेवा, नुकसान काही नाही. परत घेता येणारी बाटली आहे ती. मागून स्टेथो लावतात कारण फुफ्फुसाच्या तळाला चुरचुर ऐकू यायला लागली की थांबायचं. म्हणजे त्या डॉक्टरनं बेफाम सोडलं नव्हतं, प्रत्येक बाटलीनंतर ती पुढच्या बाटलीची परवानगी पेशंटकडून घेत होती.

अल्ब्युमिनचं उद्या लिहितो, झोपतो आता, सकाळी सातला केस आहे.


जुळेसोलापूरकर
रात्री ११:४१

डॉक्टर, मनापासून आभार. मिठाचं वाचून आत्ताच बायकोला दाखवलं. आम्ही जेवणात चिमूट मोजत होतो की ओ. दाजींना पण लिंक पाठवतोय.


नाईट ड्युटी सिस्टर
पहाटे ४:१०

वॉर्ड शांत आहे म्हणून लिहिते. कुठल्या दवाखान्यात ते विचारू नका.

डॉक्टर लिहून जातात, पुढं बाटलीपाशी आम्हीच असतो. नातेवाइकांना हात जोडून एकच सांगणं, ती प्लास्टिकची चक्री तुम्ही फिरवू नका. परवाचीच गोष्ट, एक आजी, बाटलीला तीस थेंब लावून मी दुसऱ्या बेडला गेले. परत येते तर धार लागलेली. नातवानं चक्री पूर्ण सोडलेली. का, तर बार्शीची शेवटची एसटी चुकेल. आमच्याकडचा साधा सेट २० थेंबाला एक मिली असतो, मिनिटाला ३० थेंब म्हणजे ५०० ची बाटली साडेपाच तास चालते. ते साडेपाच तास उगाच लिहिलेले नसतात. लहान मुलांचा सेट वेगळा, ६० थेंबाला एक मिली, त्यामुळं "त्या बेडला जोरात पडतंय आमच्याला का हळू" असं नुसतं थेंब बघून ठरवू नका.

आण्णांना दोन हातांना सुया का, तेही सांगते. सुईचे रंग असतात, हिरवी १८ नंबर, गुलाबी २०, निळी २२, पिवळी २४. नंबर जेवढा मोठा तेवढी सुई बारीक. कंपनीच्या आकड्यानुसार हिरवीतून मिनिटाला ९० मिली जातं आणि निळीतून ३५ च्या आसपास. शॉकमधल्या माणसाच्या शिरा चिकटलेल्या असतात, त्यात हिरवी घालणं म्हणजे कसब आहे, आमच्यातली एक सिस्टर विणकराच्या घरातली आहे, ती म्हणते तुटलेला धागा बोटाला लागतो तशी शीर लागते. एक सुई निघाली किंवा फुगली तर दुसरी हाताशी असावी म्हणून दोन.

आणि लघवी. नळी घातली की घरचे नाराज होतात, पण तासाला किती मिली आली हेच खरं मार्कशीट. किलोला अर्धा मिली दर तासाला, म्हणजे आण्णांना तासाला तीस तरी यायला पाहिजे. पिशवीत गडद चहासारखी चार थेंब दिसत होती ती पिवळी होऊन वाढायला लागली की मला कळतं आता स्पीड कमी करा म्हणून ऑर्डर येणार.

सुईच्या जागी दुखतंय, लाल झालंय, थंडी वाजून आली, पाठ खाजतीय, दम लागतोय, यातलं काही झालं तर बाटली संपायची वाट बघू नका, लगेच हाक मारा.


मेडिकलवाला
सकाळी ९:३०

दाजींच्या मुद्द्यावर लिहितो, काउंटरवर पंधरा वर्षं झाली.

पूर्वी आमच्याकडं शॉक म्हणलं की चिठ्ठीवर हिमॅक्सिल असायचंच, ते जिलेटीनचं. नंतर स्टार्चच्या बाटल्या आल्या, हायड्रॉक्सीइथाइल स्टार्च, त्यांचा तर थाटच वेगळा होता, एमआर लोक (औषध कंपन्यांचे प्रतिनिधी) चित्रं दाखवायचे की मोठे कण रक्तवाहिनीतून बाहेर पडत नाहीत म्हणून पाणी आतच राहतं. ऐकायला एकदम पटायचं. मग २०१३ च्या सुमारास चिठ्ठ्या एकदम आटल्या. का ते डॉक्टरच सांगतील. अल्ब्युमिन अजून चालतं, १०० मिलीची छोटी बाटली आणि किंमत हजारांत. आणि अल्ब्युमिन लिहिलेल्या चिठ्ठीवर नातेवाईक उलट खूश असतात, काहीतरी भारी चाललंय म्हणून.


भूलवाला
दुपारी ३:१५

केस लांबली. मेडिकलवाल्यांनी बरोबर जागी आणून ठेवलंय.

त्या चित्रातला विचार मुळात चूक नव्हता. साधं सलाईन किंवा आरएल (रिंगर लॅक्टेट, हे पण मीठपाणीच) लिटरभर दिलं की तासाभरात त्यातलं पाव ते एक तृतीयांशच रक्तवाहिन्यांत उरतं, बाकी बाहेर पेशींच्या आजूबाजूला झिरपतं. जिलेटीन, स्टार्च, अल्ब्युमिन यांचे कण मोठे, ते पाण्याला आत धरून ठेवणार, मग कमी बाटल्यांत काम होणार, असं पुस्तकात आम्ही पण पाठ केलं. पण आजारी माणसाच्या, खास करून सेप्सिसवाल्याच्या (जंतुसंसर्ग अंगभर भिनलेल्याच्या) रक्तवाहिन्या चाळणीसारख्या होतात आणि हे मोठे कण पण बाहेर पडतात. आणि स्टार्च किडनीत, कातडीत साठून राहतं.

२०१२ मध्ये दोन मोठे अभ्यास आले. एक डेन्मार्क वगैरे देशांतला, सेप्सिसचे साधारण ८०० पेशंट, त्यात ९० दिवसांत स्टार्चवाले ५१ टक्के गेले आणि रिंगर अ‍ॅसिटेटवाले (आरएलसारखंच मीठपाणी) ४३ टक्के. दुसरा ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा, सात हजार पेशंट, त्यात मृत्यू सारखेच पण स्टार्चवाल्यांना डायलिसिस जास्त लागलं. २०१३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला, युरोपनं २०२२ मध्ये विक्रीच थांबवली. मी स्वतः रेसिडेन्सीत ते स्टार्च किती जणांना दिलंय त्याची मोजदाद नाही. आम्हाला वाटायचं आम्ही भारी देतोय. जिलेटीनला पण अ‍ॅलर्जीची रिअ‍ॅक्शन यायची, आता मी ते वापरत नाही.

अल्ब्युमिन वाईट नाही. २००४ मध्ये जवळपास सात हजार आयसीयू पेशंटमध्ये सलाईन विरुद्ध ४ टक्के अल्ब्युमिन असा सामना झाला, २८ दिवसांत मृत्यू दोन्हीकडं सारखे, २१ टक्क्यांच्या आसपास. डोक्याला मार लागलेल्यांमध्ये उलट अल्ब्युमिनवाले जास्त गेले. आता तुम्हीच सांगा, जुलाबात मीठपाणी गेलंय, तिथं माणसाच्या प्लाझ्मापासून (रक्तातल्या पातळ भागापासून) काढलेलं हजारांचं प्रोटीन कशाला ओतायचं? जे गेलं ते भरायचं. दाजींना म्हणावं स्वस्तात गुंडाळलं नाही, नेमकं दिलं.

सलाईन की आरएल, तर आण्णांना बहुतेक आरएलच असेल. नॉर्मल सलाईनमध्ये क्लोराइड १५४, आपल्या रक्तात शंभराच्या आसपास, त्यामुळं चार-पाच लिटर नुसतं सलाईन ओतलं तर रक्त आम्लधर्मी होतं. नावात नॉर्मल आहे एवढंच.

पम्याभाऊ आता तुम्ही. ५ टक्के ग्लुकोजच्या ५०० च्या बाटलीत २५ ग्रॅम साखर. शंभराच्या आत कॅलरी, एका केळ्याएवढी. आणि साखर पेशींनी खाल्ली की उरतं नुसतं पाणी, ते सगळ्या अंगभर पसरतं, लिटरमधलं ८० मिली सुद्धा रक्तात टिकत नाही. म्हणून बीपी पडलेल्या माणसाला ग्लुकोज लावून उपयोग नसतो. फ्रेश वाटतं कारण तासभर पंख्याखाली आडवे पडता आणि कुणीतरी तुमची विचारपूस करतं. दर महिन्याला शिरेत सुई म्हणजे जंतूंना दर महिन्याला आमंत्रण.


पेठेतला पम्या
दुपारी ३:२२

एक केळं?????


लेकीचा बाप
संध्याकाळी ६:०५

अल्ब्युमिनबद्दल थोडं वेगळं. माझ्या सासऱ्यांना लिव्हर सिरॉसिस आहे, पोटातलं पाणी काढावं लागतं. एकदा आठ लिटर काढलं तेव्हा २० टक्क्यांच्या तीन बाटल्या अल्ब्युमिन लावलं होतं. मग ते पण फालतू होतं का?

आणि दुसरं, गेल्या पावसाळ्यात मुलीला डेंग्यू झाला, वय ९. ताप उतरला, आम्ही पेढे आणायच्या बेतात, तर डॉक्टरांनी उलट त्याच दिवशी अ‍ॅडमिट करून घेतलं. पोटात दुखत होतं तिच्या. आम्ही प्लेटलेट विचारत होतो आणि ते सारखं दुसराच एक आकडा बघत होते, हिमॅटोक्रिट का काय. ३६ चा ४४ झाला म्हणून सलाईन वाढवली, सहा-सहा तासांनी रक्त काढायचे, पोरगी सुई बघितली की रडायची. आणि दोन दिवसांनी एकदम सलाईन बंद. आम्ही म्हणलं राहू दे की अजून एक दिवस, तर नाही म्हणाले. तेव्हा राग आला होता.


भूलवाला
रात्री ९:५०

सासऱ्यांचं अल्ब्युमिन एकदम योग्य. पाच लिटरच्या वर पाणी काढलं की काढलेल्या लिटरला ६ ते ८ ग्रॅम अल्ब्युमिन द्यायचं असतं, नाहीतर एक-दोन दिवसांत बीपी आणि किडनी बसते. आठ लिटरला ४८ ते ६४ ग्रॅम, तुमच्या १०० मिलीच्या तीन बाटल्यांत ६०, हिशोब जुळला. लिव्हरच्या पेशंटला ते औषध आहे. नुसता रिपोर्टमध्ये अल्ब्युमिनचा आकडा कमी आला म्हणून आकडा सुधारायला देतात ते पटत नाही.

मुलीचे डॉक्टर चांगले होते हो. डेंग्यूत ताप उतरतो त्याच सुमाराला रक्तवाहिन्या झिरपायला लागतात, प्लाझ्मा बाहेर जातो, रक्त घट्ट होतं, म्हणजे त्यातल्या लाल पेशींचं प्रमाण (हिमॅटोक्रिट) वाढतं, तो ३६ चा ४४. जुलाबासारखं बाहेर काही दिसत नाही, हौदाला आतून तडा गेलेला असतो. हे झिरपणं २४ ते ४८ तास चालतं. तेवढा वेळ मोजून, तासातासाला बदलून सलाईन द्यायची. मग तडा बुजतो आणि बाहेर गेलेलं पाणी आपोआप रक्तात परत यायला लागतं. त्या दिवशी तुमच्या आग्रहाखातर अजून एक दिवस सलाईन ठेवली असती तर छातीत पाणी, म्हणजे जुळेसोलापूरकरांच्या आईचं झालं तेच झालं असतं, नऊ वर्षांच्या पोरीला. डेंग्यूत मला बाटली सुरू करण्यापेक्षा बंद करायची वेळ साधणं जास्त अवघड वाटतं.

लहान मुलांत तर अजूनच जपून. २०११ मध्ये युगांडा, केनिया, टांझानियातला अभ्यास आला, तीन हजारांवर मुलं, बहुतेकांना मलेरियासारखा तापाचा गंभीर आजार. ज्यांना सुरुवातीला भराभर बाटली दिली त्यांच्यात ४८ तासांत मृत्यू १०.६ टक्के, ज्यांना दिली नाही त्यांच्यात ७.३. आम्हा सगळ्यांनाच तो धक्का होता. जुलाबाची मुलं त्यात घेतली नव्हती बरं का, त्यांचा हिशोब वेगळाच, त्यांना द्यावंच लागतं.

आणि रक्त गेलं असेल, हायवेवरचा अपघात म्हणा, बाळंतपणातला रक्तस्राव म्हणा, तिथं या पाण्याच्या बाटल्या फक्त रक्त येईपर्यंतचा टेकू. जास्त ओतलं तर उरलेलं रक्त पातळ होतं आणि गोठेनासं होतं. तरणा माणूस तर ३० टक्के रक्त जाईपर्यंत बीपी धरून ठेवतो, त्यामुळं "बीपी नॉर्मल आहे" यावर विसंबू नका, नाडी बघा.

एक जुनी गोष्ट सांगतो आणि थांबतो. १८३२ मध्ये स्कॉटलंडला लीथ गावात थॉमस लॅटा नावाच्या डॉक्टरनं कॉलऱ्याच्या एका म्हातारीला पहिल्यांदा शिरेतून मीठपाणी दिलं. अर्ध्या तासात सहा पाइंट, तीन लिटरच्या वर. मरायला टेकलेली बाई बोलायला लागली, हातपाय गरम झाले. लॅटा दमला होता, तिला दवाखान्याच्या सर्जनवर सोपवून तो विश्रांतीला गेला. जुलाब परत सुरू झाले, पाणी परत कुणी दिलं नाही, साडेपाच तासांत बाई गेली. मी नवीन रेसिडेंटला ही गोष्ट सांगतो, विशेषतः जो पहिल्या बाटलीनंतर बीपी वाढलं की चहाला पळतो त्याला.


जुळेसोलापूरकर
रात्री १०:२०

अंगावर काटा आला वाचून. दाजींचा फोन आला होता, स्टार्चचं वाचून गप्प झालेत, पण "मी अल्ब्युमिन म्हणलो होतो, स्टार्च नाही" असा मुद्दा अजून लावून धरलाय 😄

आता एक प्रॅक्टिकल सांगा. उद्या आईलाच जुलाब लागले तर काय करायचं? थांबलो तर आण्णांसारखं, सलाईन लावली तर मागच्या वर्षीसारखं.


भूलवाला
रात्री १०:४५

हा खरा प्रश्न. पंपिंग ३५ असलं म्हणून सलाईन कायमची वर्ज्य नाही होत. हौद रिकामा झाला तर तिलाही भरावाच लागेल, फक्त ५०० च्या जागी २५० किंवा त्याहून कमी, मग बघायचं, मग पुढचं. तेही जिथं मॉनिटर, ऑक्सिजन, रात्री डॉक्टर आहे तिथंच, गल्लीतल्या बाकड्यावर नाही.

त्याआधी ओआरएस. १९७१ च्या बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी ड्रमात कालवून नातेवाइकांच्या हातून पाजायला लावलं. मृत्यू ३० टक्क्यांवरून चारच्याही खाली आले. त्यांना पद्मविभूषण मिळालं ते वारल्यानंतर, २०२३ मध्ये. आतडं पाणी घेत असताना शिरेत सुई कशाला? पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवा, आण्णांची शुगर आहे म्हणून पाकीट अर्धं करू नका, ती साखर मीठ आत ओढून घ्यायलाच असते. आईला किती द्यायचं, आणि जुलाब चालू असताना तिची लघवीची आणि बीपीची गोळी चालू ठेवायची का, हे तिच्या हार्टच्या डॉक्टरांना आत्ता, ती बरी असतानाच विचारून कागदावर लिहून घ्या. रोज सकाळी वजन करा. दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते जेवण नसतं, पाणी असतं.

चक्कर, लघवी सहा-आठ तास नाही, थंड हात, बडबड किंवा गुंगी, उलटीमुळं पोटात काही टिकत नाही, यातलं काही दिसलं तर घरी थांबू नका.


नाईट ड्युटी सिस्टर
रात्री ११:०५

आणि इकोचा कागद कपाटातल्या फाइलीत नको. झेरॉक्स काढून आईच्या पर्समध्ये ठेवा. रात्री तीनला माणूस घाबरलेला असतो, फाइल घरी राहते, आणि मला सांगतात "हार्टचं काहीतरी आहे सिस्टर". काहीतरी म्हणजे काय?


जुळेसोलापूरकर
रात्री ११:१८

झेरॉक्स उद्या सकाळीच काढतो. तीन काढतो, एक आईच्या पर्समध्ये, एक माझ्या गाडीच्या डिकीत, एक त्या शेजारणीकडं.


पेठेतला पम्या
रात्री ११:३०

सिस्टर, उद्या माजा सलाईनचा नंबर हाय. कॅन्सल करू का?


नाईट ड्युटी सिस्टर
रात्री ११:३४

हो. आणि शुगर, हिमोग्लोबिन तपासून घ्या, महिन्याला गळून जाताय म्हणजे कारण काहीतरी असणार.


पेठेतला पम्या
रात्री ११:३६

बरं. केळी आणतो तवर.